अनुदान काजूला, पण कोणाच्या नावावर?



या अंकाचं संपादकीय काजूवर आहे हे पाहून काहीजणी गोंधळतील. हिंसाचार, आरोग्य, पोटगी, पंचायतीतल्या स्त्रिया यांवर आपण या पानावर नेहमी लिहितो. पीक, बाजारभाव, अनुदान हे विषय आपण शेतकरी संघटनांच्या मासिकांसाठी सोडून दिले आहेत. मीही सोडले होते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, दहा-बारा वर्षं परित्यक्तांच्या केसेस आणि बचत गट यांत काढली, पण ज्या काजूच्या पैशावर माझी कॉलेजची फी भरली गेली त्या काजूकडे कार्यकर्तीच्या नजरेने कधी पाहिलं नाही. पाहायला लागले ती २०२४ च्या हंगामानंतर, एका अर्जामुळे.

त्या वर्षी काजू बीचा भाव पडला होता. शेतकरी किलोला २०० रुपये हमीभाव मागत होते. शेजारच्या गोवा सरकारने २०२३ मध्येच आधारभूत किंमत १५० रुपये केली होती. आपल्या सरकारने हमीभाव दिला नाही, पण २०२४ च्या हंगामातल्या बीसाठी किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं. किमान ५० किलो, कमाल २००० किलो. अटी साध्या दिसत होत्या. सातबाऱ्यावर काजूची नोंद हवी आणि बी विकल्याची, व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांक असलेली पावती हवी.

माझी आई सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी एकटी राहते. वडील २०१९ मध्ये गेले. त्या हंगामात तिने साधारण ३०० किलो बी विकली होती. म्हणजे अनुदान झालं ३००० रुपये. रक्कम मोठी नाही, पण तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या वर्षभर त्यात बसतात. मी सुट्टी काढून गेले आणि आम्ही दोघी कागद जमवायला लागलो. सातबारा आजोबांच्या नावावरून पुढे आलेला. आज त्यावर चौदा नावं आहेत. तीन काका, त्यांची मुलं, वारलेल्या काकांचे वारस, अर्धे मुंबईला, एक सुरतला. वडिलांच्या जागी आईचं नाव लागायचं राहून गेलेलं. जमिनीवर काजूची बाग तीस वर्षं उभी आहे, पण नोंदीत ती जमीन पड. पीकपाहणी २०२१ पासून मोबाइलवरून खातेदाराने स्वतः करायची असते आणि आईकडे बटणांचा फोन आहे. राहिली पावती. व्यापारी बी घरी येऊन वजन करून नेतो आणि वहीचं पान फाडून आकडा लिहून देतो. त्या चिठ्ठीवर नाव अजून वडिलांचंच होतं. जाऊन पाच वर्षं झालेल्या माणसाच्या नावाने आईची बी विकली जात होती, आणि आम्हा दोघींनाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

कार्यालयातल्या गृहस्थांनी कागद परत दिले. ते उर्मट अजिबात नव्हते. म्हणाले, ‘‘बाई, झाडं तुम्हीच राखलीत, मी नाही म्हणत नाही. पण कागदावर तुम्ही आहात कुठे?’’

ही झाडं आली कुठून, तेही सांगायला हवं. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. कोकणात ती ‘शंभर टक्के’ या नावानेच लोकांच्या तोंडी आहे, कारण छोट्या शेतकऱ्याचा लागवडीचा खर्च पूर्ण सरकार देत होतं. आमच्या वरकस जमिनीत, एक एकरात, १९९३ च्या पावसाळ्यात वेंगुर्ला-४ ची कलमं लागली. सात बाय सात मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी २०० या हिशेबाने ८० कलमं. मी तेव्हा चालायला लागले होते. वडील मुंबईत नोकरीला, गणपतीत आणि मे महिन्यात घरी येणारे. भरड कातळात पहारीने खड्डे पाडले ते आईने आणि दोन गड्यांनी. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात व्हाळातून डोक्यावर पाणी आणून एकेका कलमाला कळशी-कळशी घातली ती आईने. गुरं शिरू नयेत म्हणून कुंपणाला काट्या तोडून आणल्या तिनेच. अनुदान हप्त्यांनी यायचं आणि कलमं जगली तरच यायचं. साहेब येऊन जगलेली कलमं मोजून जायचे. ती जगवली आईने आणि हप्ते जमा झाले आजोबांच्या खात्यात. आजोबा सज्जन होते, पैसे घरातच लागले. पण आपल्या कामाला सरकारने काही मोल दिलं होतं हे आईला तेव्हा कळलंसुद्धा नाही. तिला वाटायचं, ते पैसे ‘झाडांचे’ आले.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. ती योजना वाईट होती असं मी म्हणत नाही. कोकणातले उघडे पडलेले डोंगर तिने झाडाखाली आणले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेंगुर्ल्याचं संशोधन केंद्र चांगल्या जाती काढत होतंच, पण त्या गरिबाच्या जमिनीपर्यंत गेल्या त्या सरकारी पैशामुळे. कलम जगवणं, पाच-सात वर्षं उत्पन्नाची वाट पाहणं हे छोट्या शेतकऱ्याला स्वतःच्या खिशातून झेपणारं नव्हतं. (एकपिकी बागांमुळे रानातलं सरपण, रानभाज्या, चराऊ जमीन गेली, आणि त्याचाही भार बायकांवर पडला. तो वेगळा लेख होईल. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने तो लिहायचं कबूल केलं आहे.) सार्वजनिक पैसा काजूला मिळू नये हे माझं म्हणणं नाही. तो कोणत्या वाटेने जातो आणि कोणापाशी थांबतो, एवढंच मला पाहायचं आहे.

आणि पैसा आता पुन्हा मोठ्या प्रमाणावर येतो आहे. २०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाने राज्याची नवी फळबाग योजना सुरू झाली. तिच्यात अनुदानाचे तीन हप्ते, ५०, ३० आणि २० टक्के. पहिल्या वर्षी किमान ८० आणि दुसऱ्या वर्षी ९० टक्के कलमं जिवंत असायला हवीत. अर्जदाराच्या नावे सातबारा हवा, सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमती हवी. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने काजू फळपीक विकास योजना मंजूर केली. संपूर्ण कोकण विभाग आणि कोल्हापुरातले आजरा-चंदगड तालुके, पाच वर्षांसाठी १३२५ कोटी रुपये. त्याबरोबर २०० कोटींच्या भागभांडवलाचं राज्य काजू मंडळ. शिवाय २०२० मध्ये केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना सुरू झाली. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान.

या सगळ्या योजनांत अनुदान मोजायचं माप काय, ते जरा बघा. हेक्टर. जिवंत कलम. यंत्राची किंमत. विकलेल्या बीचे किलो. यातलं एकही माप कष्ट करणाऱ्या माणसाच्या नावाशी जोडलेलं नाही. जमीन ज्याची त्याचा हेक्टर, कर्ज ज्याच्या नावे त्याचं यंत्र, पावती ज्याची त्याचे किलो. काजूच्या कामात बाईचे हात कुठे कुठे असतात हे कोकणात कोणालाही विचारा. हंगामाआधी झाडाखालचं रान साफ करायचं, म्हणजे पडलेली बी दिसते. फेब्रुवारी ते मे रोज सकाळी बाग फिरून बोंडू गोळा करायचे, पिळा देऊन बी सोडवायची, पाटीने घरी आणायची, दोन-तीन दिवस अंगणात वाळवायची, रात्री उचलून ठेवायची. फवारणी आणि छाटणी पुरुषांची, ती मजुरीची म्हणून मोजली जाते. वेचणं ‘घरचं’ म्हणून मोजलं जात नाही. आमच्या शेजारच्या काकींना मी विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, ‘‘काजी मिया पुंजावतंय, पावती मात्र घोवाच्या नावान.’’

हे बदलण्यासाठी कायदेच नव्हते असंही नाही. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली, त्यानंतर १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाने परिपत्रक काढलं. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. १९९४ मध्ये राज्याचं महिला धोरण आलं, त्याच वर्षी मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी हिंदू वारसा कायद्याची राज्य दुरुस्ती झाली, २००५ मध्ये ती देशभर झाली. तरीही २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशभरच्या वहिवाटदारांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोड दिली आहे. माहेर तुटायला नको म्हणून. त्यातल्या धाकट्या आत्याला हक्कसोड पत्रावर सही करायला घेऊन जाणाऱ्यांत मी होते. वय वर्षं एकोणीस, हातात मिठाईचा बॉक्स. पुढे स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांवर शिबिरं घेताना हा प्रसंग मी कधी सांगितला नाही.

कोकणात एक अडचण अधिक आहे. सामाईक सातबारा ही इथली जुनी दुखणी. वीस-पंचवीस नावं, निम्मी गावाबाहेर. ती पुरुषांनाही छळते हे खरं. पण गावात राहिलेला पुरुष निदान ‘कुटुंबातला’ असतो. तो भावाला फोन करून संमती मागू शकतो, भांडूही शकतो. गावात राहिलेली सून किंवा विधवा भावजय संमती मागायला लागली की सगळ्यांना एकदम वाटण्या आठवतात. ‘‘वैनीला आता जमीन हवी झाली,’’ हे वाक्य आमच्या घरातही बोललं गेलं. ३००० रुपयांसाठी तिने हे ऐकून घ्यायचं का? आईने घेतलं नाही. अर्ज पिशवीतच राहिला.

आता बागेतून कारखान्यात येऊ. कारखाना म्हणजे बहुधा पत्र्याची शेड. बी उकडायची, सुकवायची, फोडायची, गर भट्टीत तापवायचा, वरची साल काढायची, आणि मग आकाराप्रमाणे प्रतवारी. साधारण चार किलो बीतून किलोभर गर निघतो. फोडणं, सोलणं, निवडणं ही तिन्ही कामं बायकांची. पायाने पट्टी दाबायची, पात्यात बी दुभंगते, सुईने गर काढायचा. टरफलात तेल असतं. ते कातडी जाळतं. हात काळे पडतात, सोलपटून निघतात, नखांच्या कडा फुटतात. बायका राख लावतात, खोबरेल लावतात. हातमोजे का नाही घालत, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा एक बाई म्हणाली, ‘‘ताई, मोजे घातलंय तर हात चलणा नाय.’’ मजुरी किलोवर असते. अख्खा गर आणि तुकडा यांचा हिशेब वेगळा. हात मंदावला की रोज बुडतो. मालक एखाद वेळी मोजे आणून देतोही. ते खिळ्याला टांगलेले असतात, तपासणीला कोणी आलं तर दाखवायला. सुरक्षिततेचं साहित्य देऊन भागत नाही, मजुरी मोजायची पद्धत बदलावी लागते, हे मला समाजकार्याच्या वर्गात कोणी शिकवलं नव्हतं.

कर्मचारी राज्य विमा दहा कामगारांपासून लागू होतो, भविष्य निर्वाह निधी वीसपासून. मी पाहिलेल्या बऱ्याच शेडमध्ये हजेरीपट नऊ नावांवर थांबतो. बाकीच्या ‘येऊन-जाऊन’ असतात. काही ठिकाणी सोलायचा गर पिशवीने घरी देतात. मग सासू, सून आणि शाळेतून आलेली मुलगी अशा तिघी मिळून एकीची मजुरी कमावतात.

आणि आता यंत्र येतं आहे. स्वयंचलित कटर. त्याला अनुदान आहे. यंत्र वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या कामाने हात जळतात ते यंत्राने केलं तर बरंच. पण मी ज्या दोन युनिटांत कटर आलेला पाहिला, तिथे यंत्रावर मुलगे होते, महिन्याच्या पगारावर. फोडणाऱ्या बायकांपैकी काही सोलायला बसवल्या, बाकीच्यांना ‘गरज लागली की बोलावू’. सार्वजनिक पैशाने बाईचं काम काढून घेतलं आणि त्याच कामाचं ‘कुशल काम’ करून ते पुरुषाला दिलं. हा बदल कुठल्याही अहवालात रोजगारनिर्मिती म्हणूनच लिहिला जाईल, कारण मासिक पगाराची दोन नवी पदं खरोखरच तयार झाली.

एकच गोष्ट मला वेगळी दिसली. ओले काजूगर. शिमग्याच्या आधी हिरवी बी फोडून गर काढायचे आणि बाजारात शेकड्याने विकायचे. हातांना चीक लागतोच, पण ते पैसे बाईच्या कनवटीला राहतात. त्यावर घरात कोणी हक्क सांगत नाही. म्हणजे साऱ्या काजूत बाईचा स्वतःचा म्हणावा असा पैसा आहे तो तिथे, जिथे पावती नाही आणि म्हणून अनुदानही नाही.

याबाबत केरळकडे पाहावं लागतं. कोल्लम ही एके काळी काजूची राजधानी होती आणि तिथल्या कामगारांत जवळजवळ सगळ्या स्त्रिया. १९६९ मध्ये सरकारने काजू विकास महामंडळ काढलं, त्याचे तीस कारखाने. फोडणी-सोलणीचे किमान दर सरकार ठरवतं. १९७९ च्या कायद्याने काजू कामगारांसाठी कल्याण निधी झाला. बलवान युनियन होत्या. आपल्याकडे असं चित्र नाही, त्यामुळे ऐकून हेवा वाटतो. पण स्वीडिश इतिहासकार अ‍ॅना लिंडबर्ग यांनी तिथल्या काजू कामगार स्त्रियांचा १९३० ते २००० असा सत्तर वर्षांचा इतिहास लिहिला आहे, तो हेवा कमी करतो. कारखान्यात पुरुष मूठभर, पण ते पगारावर, बायका किलोवर. आयुष्यभर कारखान्यात राबलेली, घर चालवणारी बाईसुद्धा मालकाच्याच नव्हे, युनियनच्या आणि सरकारच्याही लेखी ‘नवऱ्याला हातभार लावणारी’ राहिली. कुटुंब पोसण्याइतकी मजुरी मागायची ती पुरुषासाठी. मजुरी वाढली तसे खाजगी मालक सीमा ओलांडून तामिळनाडूत गेले, जिथे दर कमी होते. सरकारी कारखाने तोटा सोसत राहिले आणि बायकांना वर्षातले किती दिवस काम मिळणार हा कायमचा प्रश्न राहिला.

हा अनुभव माझ्यासमोर एका काजू युनिटच्या मालकीणबाईंनी ठेवला. त्याही आमच्याच बचत गटातून पुढे आलेल्या. त्यांनी कर्ज काढून शेड उभारली, आठ जणींना काम दिलं. माझं बोलणं ऐकून त्या चिडल्या. ‘‘तुम्ही मजुरीच्या गोष्टी सांगाल आणि जाल. बी परदेशातून येते, गर व्हिएतनामचा बाजारात आहे, बँकेचा हप्ता दर महिन्याला. मी दर वाढवला तर शेजारचा वाढवणार आहे का? माझी शेड बंद पडली की या आठ जणी कुठे जातील?’’ त्यांचं खोटं नव्हतं. २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजूवरचं आयात शुल्क ५ वरून अडीच टक्के झालं. कारखान्यांना बी स्वस्त हवी म्हणून. तिकडे त्याच स्वस्त बीमुळे बागायतदाराचा भाव पडतो, म्हणून राज्य सरकारने २०२४ च्या हंगामासाठी किलोमागे १० रुपये जाहीर केले. या ओढाताणीत छोट्या युनिटवाल्या बाईच्या हातात कमी करण्यासारखी एकच गोष्ट उरते. ती म्हणजे दुसऱ्या बाईची मजुरी.

म्हणूनच मला वाटतं, एकेका मालकाच्या दारात मजुरीसाठी भांडण्याआधी आपण अनुदानाच्या अटींसाठी भांडावं. सरकारी पैसा घेणाऱ्या सगळ्यांना एकच अट असेल तर ‘शेजारचा वाढवणार का’ हा प्रश्न निदान जिल्ह्यापुरता सुटतो. ज्या युनिटने सार्वजनिक अनुदान घेतलं त्याने फोडणी-सोलणीचे दर शेडच्या दारावर मराठीत लावावेत, हजेरीपटावर सगळ्या बायकांची नावं असावीत, घरी गर नेणारीचंही नाव असावं, आणि विम्याची वर्गणी छोट्या युनिटला जड जात असेल तर ती काजू मंडळाच्या निधीतून भरावी. १३२५ कोटींच्या योजनेत ही रक्कम कोणाला परवडणार नाही अशी नाही. यंत्राला पैसे देताना ते चालवायचं शिक्षण आधी तिथेच फोडणी करणाऱ्या बायकांना मिळालं पाहिजे. मालकीणबाईंना हे मी पुन्हा जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘सगळ्यांना लागू करा, मग माझी ना नाही.’’

बागेचं काम याहून अवघड आहे, कारण तिथे समोर मालक नाही, घर आहे. सातबारा नावावर होईपर्यंत थांबा, असं बायकांना सांगण्यात अर्थ नाही. माझ्या आईचं वय ६४ आहे. कसणाऱ्या व्यक्तीला जमिनीच्या कागदाशिवाय शेतकरी मानण्याची कल्पना नवीन नाही. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात ‘शेतकरी’ या शब्दाच्या व्याख्येत मजूर, वाटेकरी, वनोपज गोळा करणारे असे सगळे येतात. एम. एस. स्वामीनाथन यांनी राज्यसभेत स्त्री शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी खाजगी विधेयक मांडलं होतं. त्यात ग्रामसभेच्या मान्यतेने पंचायतीने बाईला शेतकरी असल्याचा दाखला द्यावा अशी तरतूद होती. विधेयक बारगळलं, पण दाखल्याची कल्पना उचलायला कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही. किलोमागे द्यायच्या अनुदानाला तर ती अगदी लागू पडते. कोणाच्या बागेत कोण काजी पुंजावतं हे ग्रामसभेला तलाठ्यापेक्षा जास्त माहीत असतं. ग्रामसभेचा दाखला आणि बी घालणाऱ्या बाईच्या नावाची पावती, एवढ्यावर पैसे तिच्या खात्यात जमा व्हावेत. आणि नव्या लागवडीला अनुदान देताना नवरा-बायको दोघांची नावं सातबाऱ्यावर लावणं ही अट घालता येईल. परिपत्रक १९९२ पासून आहेच, ते कपाटातून काढायचं.

आमच्या गटात यावर वाद झाला. एकीचं म्हणणं, जमीन नसलेल्या बाईला तरीही काही मिळत नाही. दुसऱ्याच्या बागेत रोजाने वेचायला जाणारीचं काय? हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याला माझ्यापाशी पुरतं उत्तर नाही. काजू मंडळात निर्णय घेणाऱ्यांत बागायतदार आणि कारखानदार यांच्याबरोबर वेचणाऱ्या-फोडणाऱ्या बायकांच्याही जागा असल्या तर तिचा आवाज निदान तिथे पोचेल. दुसरीचा आक्षेप आपल्या सर्वांवरच होता. गेली वीस-पंचवीस वर्षं आपण बचत गटांना काजू पॅक करून विकायला शिकवलं, प्रदर्शनात स्टॉल लावून दिले, लेबलं छापून दिली. त्या पाकिटातला गर कोणी फोडला आणि तिला किलोला काय मिळालं, हे आपल्यापैकी कोणी विचारलं? मी विचारलं नव्हतं. माझ्या गटांच्या पाकिटांवर ‘महिलांनी बनवलेले’ असं छापलेलं होतं.

तर आता कामाचं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, आणि आजरा-चंदगडच्या ज्या गटांना शक्य आहे त्यांनी आपापल्या गावातल्या निदान दहा घरांत जाऊन चार गोष्टी लिहून आणाव्यात. २०२४ च्या हंगामाची बी कोणी वेचली, पावती कोणाच्या नावाने झाली, अनुदानाचा अर्ज कोणी केला, पैसे आले असतील तर कोणाच्या खात्यात आले. जवळ काजूची शेड असेल तर फोडणीचा आणि सोलणीचा दर, अख्ख्याचा आणि तुकड्याचा वेगळा. बायकांची नावं आम्हाला नकोत, दर हवेत. ही माहिती हातात असल्याशिवाय मंडळाकडे जाऊन बोलण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी आम्ही दोघी-तिघी नुसतंच निवेदन घेऊन गेलो होतो. चहा मिळाला, पोच मिळाली.

आईच्या वारसनोंदीचा अर्ज आम्ही दिला आहे. काकांपैकी एकाने सही केली, दुसरे ‘मे महिन्यात आलो की बघू’ म्हणाले. व्यापाऱ्याला मात्र तिने स्वतःच सांगितलं, यंदा चिठ्ठी माझ्या नावाने कर आणि पक्की दे. तो म्हणाला, काकी, तुमचं पूर्ण नाव काय?

माहिती जानेवारीअखेर पाठवा. फेब्रुवारीत काजी पडायला लागल्या की कोणालाच वेळ नसतो.